रंगुबाईंच्या गोठ्यातला पंप

मी, रामगोंडा भूपाल मगदूम, वय वर्षे सदुसष्ट, धंदा मोटार व पंप दुरुस्ती, राहणार विश्रामबाग, सांगली, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. गेल्या जूनमध्ये मिरजेच्या दवाखान्यात माझ्या हृदयाचे ऑपरेशन झाले. टाके छातीला पडले, डोक्याला नाही. माझी बुद्धी शाबूत आहे, स्मरण चांगले आहे आणि चष्मा लावून मी स्वतःचे लिहिलेले स्वतः वाचू शकतो. ऑगस्ट महिन्यात मी एक मृत्युपत्र केले होते. ते रद्द समजावे. ते का रद्द केले हे पुढे कलम सहामध्ये येईल.

माझे वकील श्री. सुमंत गोखले यांचे म्हणणे, की मृत्युपत्रात एवढा मजकूर लागत नाही. मालमत्ता वाटायला एक पान पुरते हे मलाही कळते. पण माझे काम तेवढ्यावर भागत नाही.

कलम १. विश्रामबागेतील घर मी स्वतःच्या कमाईतून १९७९ साली बांधले. ते माझी पत्नी सौ. पद्मावती हिच्याकडे तिच्या हयातीत पूर्ण हक्काने राहील. तिच्या पश्चात मुलगा अतिशय आणि मुलगी ब्राह्मी यांना निम्मे निम्मे मिळेल. अतिशय पुण्याला कंपनीत इंजिनिअर आहे. त्याने एकदा जेवताना विचारले होते, की ब्राह्मीला लग्नात दिलेच आहे ना. दिले आहे. पण तिला इंजिनिअरिंगला जायचे होते तेव्हा वर्कशॉपचा वास मुलींना सोसत नाही असे सांगून मी तिला गप्प केले. शाळेत असताना ती माझ्याजवळ बसून मोटारीच्या तारेचे वेढे मोजायची आणि तिचे कधी चुकत नसे, माझे चुकायचे. म्हणून निम्मे. यावर अतिशयने आईशी वाद घालू नये.

कलम २. बँकेतील ठेवी पद्मावतीच्या. यादी सोबत जोडली आहे. तिच्या तंबोऱ्याची गवसणी फाटली आहे. ती नवी शिवून आणायचे मी चार वर्षे टाळले, कारण त्यासाठी मिरजेला वाद्यवाल्यांच्या गल्लीत जावे लागले असते. ते टाळण्याचे खरे कारण तिला आता माहीत आहे.

माधवनगरच्या चौगुले यांनी १९८१ साली जड मोटारी उचलायचा माझा चेन ब्लॉक नेला, तो अजून परत आलेला नाही. त्यासाठी मी त्यांच्या घरच्या तीन लग्नांना गेलो नाही आणि पद्मावतीलाही जाऊ दिले नाही. तो मागू नये. पद्मावतीने त्यांच्याकडे खुशाल जावे.

कलम ३. माधवनगर रस्त्यावरील शेड, लेथ, वाइंडिंगचे मशीन आणि सगळी हत्यारे कृष्णात यशवंत लोहार याला द्यावीत. कृष्णात एकोणीस वर्षे माझ्याकडे कामाला होता. १९९५ च्या फेब्रुवारीत तो काम सोडून गेला. तो दारू प्यायला लागला म्हणून मी त्याला काढले, असे मी त्या वेळी चारचौघांत सांगितले होते. ते खोटे आहे. कृष्णात पीत नाही. तो स्वतः गेला, आणि का गेला ते खाली लिहितो.

कलम ४. या कलमासाठीच हे सगळे लिहायला घेतले आहे.

माझे मूळ गाव मौजे हिंगणवाडी, तालुका तासगाव. तिथे माझा मित्र कै. आकाराम जाधव याच्या पत्नी रंगुबाई राहतात. आकाराम गेला तेव्हा त्यांच्या दावणीला दोन गाई होत्या. रंगुबाईंनी त्या दोनाच्या बारा केल्या, सगळ्या संकरित. धार काढायला त्यांच्याकडे अर्जुना ज्ञानू माने हा गडी होता. सकाळी सहा गाई बाई पिळायच्या, सहा अर्जुना, संध्याकाळी तसेच. असे सोळा वर्षे चालले. अर्जुनाच्या हाताखाली बुजरी गाय सुद्धा पाय उचलत नसे. कोणाची नवी व्यालेली गाय लाथा मारू लागली, की लोक त्याला बोलावून नेत.

१९९४ साली अर्जुनाच्या अंगठ्यांचे सांधे सुजू लागले. सकाळची धार झाली की दहा वाजेपर्यंत त्याला चहाचा कप धरता येत नसे. तेव्हा रंगुबाईंनी धार काढायचे मशीन घ्यायचे मनात आणले. अर्जुनाला काढून टाकायला नव्हे, त्याचे हात वाचावेत म्हणून. मशीन तोच चालवणार होता. या मशीनमध्ये गाईच्या सडांना चार कप लावतात, त्यांच्याखाली दुधाची बादली असते, आणि सगळ्यांना जोडलेल्या नळीतून एक पंप हवा ओढून घेतो. बाकी सामान कोणाचेही चालते, सगळा भरवसा त्या पंपावर. तो पंप कोणता घ्यावा हे विचारायला रंगुबाई माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, भाऊजी, मला त्यातलं काय कळत न्हाई, तुमी सांगाल तो घेते.

आम्ही सांगलीत शेतीच्या प्रदर्शनाला गेलो. तिथे पुण्याच्या एका कंपनीचा तरुण माणूस होता. त्याने कागदावर मांडून दाखवले: एका वेळी चार गाईंना कप लावायचे तर मिनिटाला इतकी हवा ओढणारा पंप पाहिजे, शिवाय एखादा कप सडावरून निसटला तर तेवढी जादा हवा ओढायची ताकद राखून ठेवायला पाहिजे. पंपाची ओढ किती खोल हे गेजवर इंचांत मोजतात. मी त्याला विचारले, तुमचा पंप किती इंचापर्यंत ओढतो? तो म्हणाला, गाईला पंधरा इंच पुरतात, त्याच्यावर काय करायचंय? आणि रंगुबाईंच्या देखत हसून म्हणाला, आजोबा, हे विहिरीवरचे पंप नव्हेत. मी त्या वेळी त्रेसष्ट वर्षांचा होतो. चाळीस वर्षे पंप उघडत आलो होतो. आम्ही तिथून चहा न घेता निघालो.

माझ्या शेडमध्ये एक पंप होता. एका प्रयोगशाळेचे सामान लिलावात निघाले होते, त्यातला. मी तो स्वतः उघडून, आतील पाती बदलून, बसवला होता. तो लावला की गेजची सुई अठ्ठावीस इंचावर जाऊन थांबायची. येणाऱ्या जाणाऱ्याला मी ते दाखवत असे. रंगुबाईंनाही दाखवले. म्हणालो, कंपनीवाला पंधराचे सांगतो, हा अठ्ठावीस ओढतो. त्यांनी हात जोडले.

कृष्णात तिथेच उभा होता. बाई गेल्यावर तो म्हणाला, "अण्णा, ह्यो वढतो खोल, पण वढतो थोडं. एका बाटलीतनं हवा काढायला ह्यो झ्याक हाय. चार गाई लावल्या तर दम तुटंल ह्याचा."

त्याचे म्हणणे बरोबर होते. किती खोल ओढतो आणि मिनिटाला किती ओढतो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे मला माहीत नव्हते असे नाही. पण हसणाऱ्या त्या पोरापुढे मला हरायचे नव्हते. मी कृष्णातला म्हणालो, आठवी नापास माणसाने मला हवा शिकवू नये.

डिसेंबर १९९४ मध्ये मी तो पंप हिंगणवाडीला नेऊन बसवला. मजुरी घेतली नाही, आणि त्यामुळे मला वाटले की आता कोणी मला काही विचारू शकत नाही. पहिल्या दिवशी दोन गाईंना कप लावून दाखवले. जास्तीची ओढ सोडणारी झडप लावली होती, त्यामुळे सुई पंधरावर स्थिर. अर्जुनाने आपले दोन्ही हात पुढे करून पाहिले आणि रंगुबाईंना म्हणाला, आता ह्येंना सुट्टी.

तीन आठवड्यांत गाईंना दगडी झाली. कास सुजून घट्ट व्हायची, दुधात गाठी यायच्या. डेअरीने दूध परत पाठवायला सुरुवात केली. गुरांचे डॉक्टर आले, त्यांनी विचारले मशीन कोण धुतो. अर्जुना म्हणाला मी. मग रंगुबाईंनी मला निरोप पाठवला.

मी गेलो तेव्हा संध्याकाळची धार सुरू होती. गोठ्यात अर्जुना आणि मी, दोघेच. त्याने पहिल्या गाईला कप लावले, दुसरीला लावले. सुई पंधरावर होती. तिसरीला लावले, ती बारावर आली. चौथीला लावले तेव्हा नवावर. तेवढ्यात एका कपाने सड सोडला, फुस्स आवाज झाला आणि सुई सहापर्यंत खाली गेली. बाकीच्या गाईंचे कप लटपटू लागले. नळीत पुढे गेलेले दूध मागे, सडाकडे येताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. म्हणजे एका गाईचा रोग त्या दुधाबरोबर पुढल्या गाईला जात होता. मला समजायला अर्धे मिनिटही लागले नाही.

अर्जुना म्हणाला, "अण्णा, सुई पडती बघा."

बाहेर रंगुबाईंचा आणि डॉक्टरांचा आवाज आला. मी तिसऱ्या आणि चौथ्या नळीची तोटी बंद केली. सुई परत पंधरावर जाऊन थांबली. मग मी त्या दोघांना आत बोलावले आणि सुईवर बोट ठेवून म्हणालो, "वहिनी, बघा. पंपात दोष नाही. कप नीट धुतले जात नाहीत."

अर्जुना म्हणाला, "मी उकळत्या पाण्यानं धुतो, अण्णा." एकदाच म्हणाला. मग त्याने माझ्याकडे पाहिले आणि बंद केलेल्या तोटीकडे पाहिले.

एक गाय मेली. तिघींचा एकेक सड कायमचा आटला. रंगुबाईंनी अर्जुनाला कामावरून काढले. गावात बोलले गेले, की त्याच्या हाताला दगडी आहे. पुढे त्याला कोणी आपल्या गाईजवळ उभे करेना. महिन्याभरात तो बायकोला घेऊन गाव सोडून गेला.

याहून वाईट पुढे आहे. अर्जुनाला कामावरून काढल्यावर आठवड्याने मी सर्व्हिसिंगच्या नावाखाली माझा पंप काढून आणला आणि त्याच्या जागी, कोणाला न सांगता, त्याच पुण्याच्या कंपनीचा, जादा हवा ओढणारा पंप नेऊन बसवला. त्याला वरून माझ्या पंपाचा हिरवा रंग दिला. दगडी थांबली. आणि अर्जुना जाताच रोग थांबला, म्हणजे दोष त्याचाच होता, असे सगळ्या गावाने धरले. रंगुबाईंनी मला नारळ आणि टॉवेल दिला. मी तो घेतला.

शेडमध्ये परत आलेला पंप कृष्णातने पाहिला. त्याने फक्त विचारले, अर्जुनाला सांगितलं का? मी म्हणालो, तू आपले काम बघ. त्याने हात धुतले, डबा उचलला आणि गेला.

चार वर्षे दर पर्युषणानंतर क्षमावाणीच्या दिवशी मी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, हात जोडून सगळ्यांची क्षमा मागत आलो. ज्यांचे काही बिघडवले नाही त्यांचीही मागितली. अर्जुना मिरजेत आहे, तंबोरे करणाऱ्या एका कारागिराकडे भोपळे कोरायला बसतो, हे मला १९९५ पासून ठाऊक होते. सांगलीहून मिरज किती लांब आहे हे इथे लिहायची गरज नाही.

कलम ५. तो पंप शेडमध्ये मागच्या भिंतीला आहे. तो दुधाच्या कामाला कोणालाही देऊ नये. विश्रामबागेतील एखाद्या कॉलेजच्या प्रयोगशाळेला फुकट द्यावा, तिथे तो उत्तम चालेल. मिनिटाला तो किती हवा ओढतो हे मी मोजून त्याच्यावर पांढऱ्या रंगाने लिहिले आहे. ते पुसू नये.

कलम ६. दवाखान्यातून घरी आल्यावर ऑगस्टमध्ये मी पहिले मृत्युपत्र केले. त्यात असे लिहिले होते, की माझ्या मृत्यूनंतर कृष्णातने कलम चार हिंगणवाडीच्या डेअरीवर, सकाळी दूध घालायला लोक जमतात तेव्हा, मोठ्याने वाचून दाखवावे. त्यासाठी मी कृष्णातला बोलावले. तो आला, हे त्याचे मोठेपण. कागद त्याने उभ्यानेच पूर्ण वाचला आणि माझ्यासमोर ठेवला.

म्हणाला, "अण्णा, वाचायचं मी, ऐकायचं गावानं आणि तुमी जाळून मोकळं. असलं काम मी करणार न्हाई. तुमचं तोंड शाबूत हाय तवर तुमीच जावा."

पद्मावती आतून ऐकत होती. तिला यातले काही माहीत नव्हते. ती बाहेर येऊन कागद वाचत बसली. रात्री तिने जेवण वाढले. मग एवढेच म्हणाली, की टॉवेल मी वापरला, तुम्ही तेव्हा तरी सांगायचे होते.

२१ सप्टेंबरला सकाळी मी मिरजेला गेलो. डॉक्टरांनी जिने चढायचे नाहीत म्हणून सांगितले आहे, पण ते दुकान तळमजल्यावर आहे. अर्जुना भोपळा दोन पायांत धरून आतून खरवडत होता. त्याने मला ओळखले आणि हातातले काम थांबवले नाही. मी कोपऱ्यातल्या पोत्यावर बसून त्याला सगळे सांगितले, बदललेल्या पंपाचेही. तेव्हा तो थांबला. हिरव्या रंगाची गोष्ट त्याला माहीत नव्हती. बाकीचे त्याला माहीत होते.

"मला ठावं हुतं," तो म्हणाला. "तोटी बंद केलेली मी बघितली."

मी विचारले, मग त्या वेळी बोलला का नाहीस.

"बोललो की. सुई पडती म्हणलो. तुमी ऐकलं न्हाईसा. मग गाव माझं ऐकणार हुतं व्हय?"

पुढे तो म्हणाला, की पहिली दोन वर्षे त्यालाही वाटायचे, आपल्याच हाताला काही असेल. तोटी पाहिली होती तरी वाटायचे. बायकोच्या माहेरी म्हैस व्याली तेव्हा त्याने तिला हात लावला नाही. हे सांगताना त्याचा आवाज चढला नाही. मी पाया पडायला वाकलो तेव्हा त्याने पाय मागे घेतले.

त्याने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. रंगुबाईंच्या समोर, डेअरीवर, तो उभा असताना मी हे बोलावे. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही एकाच एसटीने हिंगणवाडीला गेलो, वेगवेगळ्या बाकांवर बसून.

सकाळी सातला डेअरीवर वीस-पंचवीस माणसे होती. मला वाटले होते आवाज फुटणार नाही. फुटला. मी पंपाचे, तोटीचे, हिरव्या रंगाचे, कृष्णातच्या दारूचे, सगळे सांगितले. कोणी ओरडले नाही. एक म्हातारा म्हणाला, चार वर्सं लागली व्हय रं तुला. रंगुबाई कॅन खाली ठेवून ऐकत होत्या. मी त्यांच्याकडे वळलो तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमी खोटं बोललासा, ते तुमच्यापाशी. पर सोळा वर्सं ह्येचं हात मी बघितलं आनि अर्ध्या घटकेत तुमचं ऐकलं. ते माझ्यापाशी."

मग त्यांनी अर्जुनाला परत कामावर यायला सांगितले. तो नको म्हणाला. गोठ्यापर्यंत मात्र गेला. एका गाईच्या पाठीवर त्याने हात ठेवला, थोडा वेळ तसाच उभा राहिला आणि परत आला. संध्याकाळच्या आत त्याला मिरजेला पोचायचे होते, एक भोपळा पूर्ण करायचा राहिला होता.

अर्जुनाने मला माफ केले, असे माझ्या मागे कोणीही सांगू नये. त्याने तसे म्हटलेले नाही, आणि मी विचारलेले नाही.

कलम ७. हिंगणवाडीतील माझी स्वकष्टार्जित वीस गुंठे जमीन मी अर्जुना माने याला देणार होतो. वकिलांनी तसा मसुदाही केला. तो वाचून दाखवायला मी त्याला गेल्या रविवारी घरी बोलावले. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, की ही जमीन घेतली तर लोक म्हणतील, ह्याला पैशाने गप्प केले, आणि डेअरीवर बोललेले सगळे खोटे ठरेल. मी पुष्कळ सांगून पाहिले, पद्मावतीनेही सांगितले. तो ऐकेना. शेवटी त्याने वकिलांना विचारले, की ह्या कागदावर साक्षीला कोण सही करते. वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार नाही असा माणूस असलेला बरा.

"मग मला साक्षीला घ्या," अर्जुना म्हणाला. "घेणाऱ्यांत माझं नाव नको. ह्यात लिवलंय ते खरं हाय, एवढी सही मी करतो."

म्हणून जमीन पद्मावतीला द्यावी, आणि पुढे मुलांना निम्मी निम्मी.

कलम ८. माझ्या अंत्यविधीला गर्दी जमवू नये. माझ्याबद्दल चार शब्द बोलायला कोणी उभे राहिले, तर मी पंपातला जाणकार होतो असे सांगू नये. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ब्राह्मीने करावी. तिच्याकडून मोजण्यात चूक होत नाही.

वरील मजकूर वकिलांनी आम्हा सर्वांसमोर मोठ्याने वाचला. दोन ठिकाणी मी दुरुस्त्या केल्या: एका ठिकाणी "गैरसमज झाला" असे टाइप झाले होते, तिथे "खोटे बोललो" केले, दुसऱ्या ठिकाणी अर्जुनाच्या नावापुढे "गडी" एवढाच धंदा होता. त्याने आपले दोन्ही धंदे लिहायला सांगितले. दुरुस्त्यांजवळ माझी आद्याक्षरे आहेत. मी साक्षीदारांच्या देखत सही केली, आणि त्यांनी माझ्या देखत केली.

ठिकाण: विश्रामबाग, सांगली
दिनांक: ११ ऑक्टोबर १९९८, रविवार

मृत्युपत्र करणार:
(सही) रामगोंडा भूपाल मगदूम

साक्षीदार:

१. (सही) सुमंत गंगाधर गोखले, वकील, सांगली

२. (सही) अर्जुना ज्ञानू माने, वय ५१, राहणार मिरज. धंदा: तंबोऱ्याचे भोपळे कोरणे. त्यापूर्वी सोळा वर्षे, गाईंची धार काढणे.